शिक्षेपूर्वीची सुनावणी

मनमाडहून छत्रपती संभाजीनगराकडे येणाऱ्या लोहमार्गावर रोटेगाव, परसोडा, करंजगाव ही स्थानके ओलांडल्यावर गंगापूर तालुक्यातील लासूर स्टेशन लागते. मूळ लासूर गाव देवी दाक्षायणीच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीत पूर्वापार प्रसिद्ध. परंतु 1900 च्या सुमारास निजामाच्या मुलुखातून हैदराबाद-मनमाड मार्ग धावू लागला आणि जिने आपले नावच स्थानकावरून घेतले अशी ही दुसरी वस्ती उदयास आली. आज तेथे रेल्वेचे कर्मचारी आहेत, खाजगी संस्थांच्या शाळांतील शिक्षक आहेत, बाजार समितीच्या आवारात कांदा आणि मका उतरविणारे हमाल आणि मापाडी आहेत, आडत्यांच्या पेढ्यांवर हिशेब लिहिणारे दिवाणजी आहेत, आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करून परत येणारी तरुण मुलेही आहेत. या सर्वांच्या हातून कधी ना कधी एकच कसूर घडणे संभवते: उशिरा येणे, कामावर डोळा लागणे, गल्ल्यात चार पैसे कमी भरणे, वरिष्ठाला उलट उत्तर देणे. परंतु कसूर एकच असली तरी तिचा निवाडा कसा होईल, हे माणूस कोणाच्या चाकरीत आहे यावरून ठरते. एकाच गावात राहणाऱ्या माणसांच्या वाट्याला न्यायाची इतकी निरनिराळी मापे का यावीत, हा प्रश्न या प्रकरणाच्या मुळाशी आहे.

रेल्वेपासून आरंभ करू, कारण या गावातील सर्वांत जुना आणि सर्वांत काटेकोर धनी तोच. रेल्वे नोकरांची शिस्त आणि अपील यासंबंधीचे नियम 1968 सालचे आहेत, आणि त्यांनी शिक्षांची एक चढती श्रेणी बांधून दिली आहे. ठपका, बढती रोखणे, वेतनवाढ रोखणे आणि (हे वाचून बाहेरच्या माणसास नवल वाटेल) सवलतीचा प्रवासपास काही काळ बंद करणे, या लहान शिक्षा; खालच्या पदावर उतरविणे, सक्तीची निवृत्ती, सेवेतून काढणे आणि बडतर्फी, या मोठ्या. लहान शिक्षेच्या आरोपपत्रास रेल्वेची माणसे त्याच्या नमुना-क्रमांकावरून ‘एस.एफ. अकरा’ म्हणतात, मोठ्या शिक्षेच्या आरोपपत्रास ‘एस.एफ. पाच’, आणि रुळांच्या कडेला वाढलेल्या वस्त्यांत हे दोन आकडे घरच्या बायकांनाही ठाऊक असतात, कारण पहिला आला तर वर्षाची वेतनवाढ जाण्याची भीती असते आणि दुसरा आला तर चूल विझण्याची. मोठी शिक्षा द्यावयाची तर आरोप कलमवार लेखी द्यावे लागतात, ज्या कागदपत्रांवर आणि साक्षीदारांवर ते आधारले आहेत त्यांची यादी जोडावी लागते, नोकराची लेखी कैफियत घ्यावी लागते, आणि त्याने आरोप नाकारले तर रीतसर चौकशी नेमावी लागते. त्या चौकशीत बचावासाठी आपला सहकारी किंवा मान्यताप्राप्त संघटनेचा पदाधिकारी बरोबर आणण्याची त्याला मुभा असते. निर्णयाविरुद्ध 45 दिवसांत अपील करता येते. या सर्वांच्या पाठीशी राज्यघटनेचे 311 वे कलम उभे आहे: ज्याने नेमणूक केली त्याच्याहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने बडतर्फ करू नये, आणि आरोप कळवून म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्यावाचून कोणास काढू नये. कारकीर्दीच्या कारकिर्दी ‘साहेबांची मर्जी’ या एका शब्दावर चाललेल्या देशात असे वचन घटनेत यावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

सरकारी नोकरास मिळालेली ही सनद कारखान्यातील मजुरास मात्र फार झगडून मिळवावी लागली. मुंबईच्या कापड गिरण्यांत विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत मजुरास कामावर घेणारा जॉबर आणि काढणारा जॉबरच. त्याचा रोष झाला की दुसऱ्या दिवशी मागावर दुसरा माणूस उभा असे, आणि का काढले हे विचारण्याची सोय नसे. उशिरा आला म्हणून दंड, कापडात डाग राहिला म्हणून दंड. बिघडलेले कापड विणकराच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून कापून घेण्याची रीत. आणि एका दिवसाच्या गैरहजेरीस दोन दिवसांची मजुरी जप्त करणारा तो कुप्रसिद्ध दुहेरी खाडा. 1928 साली मुंबईच्या गिरण्यांत सुमारे सहा महिने संप चालला, तो मुख्यतः मजुरीचे दर आणि कामाची वाढ यांवरून चालला असे आपण वाचतो, आणि ते खरेच आहे. परंतु गिरणीमालकांनी तयार केलेले कामाचे स्थायी आदेश हाही त्या तंट्याचा एक विषय होता, आणि संप मिटल्यावर नेमलेल्या फॉसेट समितीने त्या आदेशांची कलमे तपासली, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. मजुरास किती द्यावे या प्रश्नाच्या जोडीने, त्याला कोणत्या नियमाने वागवावे, हा प्रश्नही तेव्हा प्रथमच उघड्यावर आला.

पुढे व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील मजूर आयोगाने 1931 साली अहवाल दिला, आणि त्यातून 1936 चा वेतन प्रदान अधिनियम निघाला. त्यातील दंडासंबंधीचे कलम आजही मन लावून वाचण्याजोगे आहे. दंड कोणत्या कृत्यांबद्दल होईल याची यादी मालकाने आधी शासनाकडून मंजूर करून घ्यावी आणि ती कामाच्या जागी लावावी; मजुराचे म्हणणे ऐकल्यावाचून दंड करू नये; दंडाची रक्कम रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक नसावी; पंधरा वर्षांखालील मुलास दंड करूच नये; हप्त्याहप्त्याने वसूल करीत मजुरास महिनोन्‌महिने टांगून ठेवू नये; आणि जमलेला दंड मालकाच्या तिजोरीत न जाता मजुरांच्याच हिताकडे खर्च व्हावा. शिक्षा करणाऱ्यास शिक्षेतून लाभ होता कामा नये, हे तत्त्व या शेवटच्या तरतुदीत इतके स्वच्छ उतरले आहे की कायद्याच्या रूक्ष भाषेतही ते उठून दिसते. जो धनी नोकराच्या चुकीवर पैसा मिळवितो त्याला नोकराच्या चुका हव्याशा वाटू लागतात.

त्यानंतर 1946 साली औद्योगिक आस्थापनांसाठी स्थायी आदेशांचा कायदा झाला. मध्यवर्ती सरकारातील मजूर खाते त्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याने कामाचे तास, रजा, पाळ्या आणि गैरवर्तनाची व्याख्या लेखी करून ती प्रमाणित करून घ्यावी, आणि ती कामगारांना समजेल अशा भाषेत दर्शनी जागी लावावी, अशी त्याची योजना. यातले मर्म भाषेच्या अटीत आहे. जो नियम माणसाला वाचता आला नाही, किंवा जो त्याच्या कानी कधी घातला गेला नाही, तो मोडल्याबद्दल त्याला शिक्षा करणे म्हणजे अंधारात खड्डा खणून पडणाऱ्यास दोष देण्यासारखे आहे.

आता शिक्षेच्या प्रमाणाकडे वळू, कारण नियम लिहून झाला, चौकशी झाली, कसूर सिद्धही झाली, तरी न्यायाचा सर्वांत अवघड भाग पुढेच असतो. येथे महाराष्ट्रातीलच दोन खटले शेजारी ठेवून पाहावेत. पहिला कलर-केम या रासायनिक कंपनीचा. रात्रपाळीत, पहाटे साडेतीनच्या सुमारास वरिष्ठांनी अचानक फेरी मारली तेव्हा यंत्र चालू असताना कामगार झोपलेले आढळले, आणि त्यांना बडतर्फ करण्यात आले. 1998 साली सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा धक्कादायक रीतीने विषम ठरविली. दुसरा खटला पुण्याच्या भारत फोर्जचा. तेथे 26 ऑगस्ट 1983 रोजी सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी एक कामगार आपल्या कामाच्या जागी लोखंडी पत्र्यावर गाढ झोपलेला सापडला. त्यालाही बडतर्फ करण्यात आले. आणि 2005 साली त्याच सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी कायम केली. झोप दोन्हीकडे, शिक्षा दोन्हीकडे तीच. निकाल मात्र उलट. वरवर पाहणारा म्हणेल की न्यायालयाचाच नेम नाही. तसे नाही. पुण्याच्या कामगारास त्यापूर्वी तीन वेळा गैरवर्तनाबद्दल दोषी ठरवून किरकोळ शिक्षेवर सोडण्यात आले होते. चौथ्या वेळी, भर दिवसा, त्याला निद्रा आली होती. पहाटे साडेतीनचा प्रहर हा देहावर निद्रेचा स्वाभाविक अंमल असण्याचा प्रहर. सकाळचे पावणेबारा तसे नव्हेत.

या दोन निकालांमागे आपल्या राज्याचा एक कायदा आहे, आणि मराठी वाचकाने त्याचा अभिमान बाळगावा असे मला मनापासून वाटते. कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध यासाठी महाराष्ट्राने 1971 साली जो अधिनियम केला, त्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकाच्या अनुचित प्रथा सांगितल्या आहेत, आणि त्यांत एक अशी आहे: किरकोळ अथवा तांत्रिक स्वरूपाच्या गैरवर्तनाबद्दल, त्या गैरवर्तनाचे स्वरूप आणि कामगाराची पूर्वीची सेवा लक्षात न घेता, धक्कादायक ठरेल इतकी विषम शिक्षा करून त्याला काढून टाकणे. गुन्हा कोणता एवढेच न पाहता तो कोणाच्या हातून, किती वर्षांच्या चाकरीनंतर आणि कोणत्या परिस्थितीत घडला, हे पाहण्याचे बंधन कायद्याने मालकावर घातले. त्याच वर्षी केंद्र सरकारनेही औद्योगिक विवाद अधिनियमात 11-अ हे कलम घालून न्यायाधिकरणांना शिक्षा सौम्य करण्याचा अधिकार दिला. पूर्वी न्यायाधिकरण चौकशी प्रामाणिक होती की नाही एवढेच पाहू शके. शिक्षेचे माप हा मालकाचा प्रांत समजला जाई.

प्रमाणाच्या आधीचाही एक विवेक असतो: चूक आणि गैरवर्तन यांतला. 1979 साली सर्वोच्च न्यायालयाने एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात म्हटले की कार्यक्षमता कमी पडणे म्हणजे आपोआप गैरवर्तन नव्हे. कांट्यावरच्या माणसाची निष्काळजी गाडी रुळांवरून उतरविते, तेव्हा परिणामाची भीषणता निष्काळजीसच गुन्ह्याचे रूप देते. परंतु नवख्या दिवाणजीने बेरीज चुकविली तर त्याला शिकविणे हे धन्याचे काम आहे, नोटीस देणे नव्हे.

सर्वांत दुःखद अन्याय मात्र निकालाच्या दिवशी होत नाही. तो निकालापूर्वीच्या निलंबनात होतो. निलंबन ही कायद्याच्या दृष्टीने शिक्षाच नव्हे. साक्षीपुराव्यावर दाब येऊ नये म्हणून नोकरास तात्पुरते दूर ठेवणे, एवढाच त्याचा हेतू. पण गावात निलंबित माणसाकडे कसे पाहिले जाते? दुकानदार उधारी थांबवितो, मुलीचे जमत आलेले लग्न लांबणीवर पडते, आणि दोष सिद्ध होण्यापूर्वीच घर शिक्षा भोगू लागते. म्हणून निर्वाह भत्त्याचा प्रश्न क्षुल्लक नाही. मध्य प्रदेशातील एका वनाधिकाऱ्यास निलंबनकाळी रेवा येथे राहावे लागत होते आणि त्याची चौकशी सुमारे 500 किलोमीटर दूर जगदलपुरास चालली होती. भत्ता मिळाला नव्हता, प्रवासखर्चास पैसे नव्हते, आणि तो हजर झाला नाही म्हणून एकतर्फी चौकशी पुरी करून त्याला काढण्यात आले. 1973 साली सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला. ज्याच्या खिशात गाडीभाडे नाही त्याला दिलेली हजर राहण्याची नोटीस ही संधी नव्हे.

आपल्या राज्याच्या वाट्यासही असाच एक धडा आला. मुंबई नागरी सेवा नियमांत अशी एक तरतूद होती की ज्या सरकारी नोकरास फौजदारी न्यायालयाने दोषी ठरविले आहे, त्याला अपील चालू असेतो निलंबनात दरमहा केवळ एक रुपया निर्वाह भत्ता मिळावा. अपिलात तो निर्दोष सुटू शकतो, ही शक्यता त्या एका रुपयाने जणू पुसूनच टाकली होती. 1983 साली महाराष्ट्र शासनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद अवैध ठरविली. कारखान्यांतील कामगारांसाठी स्थायी आदेशांच्या कायद्यात 1982 साली जो दर आला, तो पहिल्या 90 दिवसांसाठी अर्धे वेतन आणि त्यापुढे, विलंब कामगारामुळे झाला नसेल तर, पाऊण वेतन असा आहे. हा दर चढता ठेवण्यात दूरदृष्टी आहे: चौकशी जितकी लांबेल तितका धन्यावरचा भार वाढतो.

आता न्याय कोणी करावा, याविषयी. दोषारोप करणारा, पुरावा मांडणारा आणि निवाडा देणारा हे तिघे एकाच खुर्चीत बसले म्हणजे चौकशीचे कागद कितीही नीट शिवलेले असले तरी ती चौकशी राहत नाही. या बाबतीत लासूर स्टेशनसारख्या गावांतील खाजगी शाळांना लागू असलेली व्यवस्था मला फार उद्बोधक वाटते. महाराष्ट्रातील खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा 1977 चा आणि त्याखालील नियम 1981 चे. शिक्षकावर मोठी शिक्षा ओढवेल असे आरोप असतील तर त्याची चौकशी तिघांची समिती करते: एक सभासद संस्थेने नेमलेला, दुसरा खुद्द त्या शिक्षकाने, कोणत्याही खाजगी शाळेतील कर्मचाऱ्यांमधून निवडलेला, आणि तिसरा राज्य अथवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या नामिकेतून घेतलेला. आरोपी मानलेल्या माणसाला आपल्या न्यायमंडळावर एक विश्वासू माणूस बसविता यावा, आणि त्या दोघांच्या मध्ये ज्याची विद्वत्ता आणि चारित्र्य समाजाने गौरविले आहे असा त्रयस्थ यावा, ही कल्पना आपल्या जुन्या पंचायतीच्या धाटणीची आहे आणि तरीही पूर्णपणे आधुनिक आहे. चौकशी सामान्यतः 120 दिवसांत संपवावी असा दंडक आहे, आणि त्यानंतरही तक्रार असेल तर शाळा न्यायाधिकरणाचे दार उघडे आहे.

मुंबई बंदराच्या विश्वस्त मंडळाचे एक प्रकरण याच सूत्रात येते. तेथे नोकराविरुद्ध पुरावा मांडण्यास कायदा शिकलेले अधिकारी उभे केले होते, आणि नोकराने वकील मागितला तेव्हा मात्र त्याला नकार देण्यात आला. 1983 साली सर्वोच्च न्यायालयाने ही चौकशी वाजवी नव्हती असे ठरविले. सर्वच चौकशींत वकील यावेत असा याचा अर्थ नव्हे; घरगुती चौकशी घरगुतीच राहावी, तीत कोर्टाचा थाट आणू नये, हेच इष्ट. मात्र एका पक्षाच्या हाती ढाल-तलवार देऊन दुसऱ्यास रिकाम्या हातांनी उभे करू नये. पुढे 1993 साली आणखी एक पाऊल पडले: चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल निर्णय होण्यापूर्वी नोकरास द्यावा आणि त्यावर त्याचे म्हणणे घ्यावे, हा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने पक्का केला.

कारखानदारांची आणि खातेप्रमुखांची याविरुद्ध एक तक्रार असते, आणि ती प्रामाणिक आहे. ते म्हणतात, इतके नियम पाळता पाळता वर्षे निघून जातात, निर्ढावलेला माणूस तारखा मागत बसतो, एखाद्या तांत्रिक दोषावर सुटून येतो, आणि इमानाने राबणाऱ्या त्याच्या सोबत्यांचे मन खचते. पुण्याच्या ज्या खटल्याचा उल्लेख वर आला, त्यात 1983 च्या झोपेचा अखेरचा निकाल 2005 साली लागला, हे पाहिले की या तक्रारीचे वजन कळते. परंतु दिरंगाईचे मूळ नैसर्गिक न्यायात आहे असे मला वाटत नाही. आरोप मोघम लिहायचे, साक्षीदार वेळेवर बोलवायचे नाहीत, चौकशी अधिकाऱ्याच्या माथी आधीच दहा कामे असताना अकरावे टाकायचे, आणि मग विलंबाचा दोष सुनावणीला द्यायचा, हे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखे होईल. आणि विलंबाचा खरा बळी निर्दोष माणूसच असतो. दोषी माणसाला तर तारीख पुढे गेलेली हवीच असते.

उरतो तो गावातील सर्वांत मोठा वर्ग, ज्याच्यापर्यंत यांतले काहीच पोहोचत नाही. बाजार समितीच्या आवारातील हमाल आणि मापाडी यांचा परवाना रद्द करावयाचा तर 1963 च्या कायद्याप्रमाणे समितीस त्यांना कारणे दाखविण्याची संधी द्यावी लागते. तेवढे कवच त्यांना आहे. परंतु आवाराबाहेर पेढीवर बारा वर्षे वही लिहिणारा दिवाणजी, कापडाच्या दुकानात ठाणे उलगडणारा पोरगा, ट्रकवरचा क्लीनर, खाणावळीत ताटे वाढणारी बाई, यांच्यासाठी धन्याने मान हलविली की काम संपले. गल्ल्यात दोनशे रुपये कमी भरले आणि संशय आला, की न विचारता ‘उद्यापासून येऊ नकोस’. आणि लहान गावात ते वाक्य त्याच्या आधी दुसऱ्या दुकानांत पोहोचलेले असते. स्थायी आदेशांचा 1946 चा कायदा शंभर माणसांच्या कारखान्यापासून सुरू होई. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने तो उंबरठा तीनशेवर नेला. लासूर स्टेशनच्या बाजारपेठेत तीनशे नोकरांची पेढी शोधून सापडणार नाही.

म्हणून या पुस्तकाच्या वाचकांपैकी जे कोणी चार-दहा माणसांना काम देणारे असतील, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. कायदा तुमच्या दारी येण्याची वाट पाहू नका. दुकानाचे नियम मराठीत एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावा. कसूर झाली तर त्याच दिवशी, चारचौघांदेखत नव्हे, तर एकांतात बसवून काय झाले ते विचारा, आणि त्याला हवे असेल तर त्याच्या विश्वासाचा एक माणूस शेजारी बसू द्या. त्याचे उत्तर वहीत त्याच्या शब्दांत लिहून त्यावर त्याची सही अथवा अंगठा घ्या. पहिल्या चुकीला समज, दुसरीला लेखी ताकीद, आणि काढून टाकण्याची वेळ आलीच तर रागाच्या भरात नव्हे, एक रात्र मध्ये जाऊ देऊन. संशयाच्या काळात घरी बसवाल तर अर्धा पगार चालू ठेवा. आणि तो निर्दोष निघाला, तर ज्या शेजारच्या दुकानदारांपाशी तुम्ही त्याच्याविषयी बोलला असाल, त्यांच्याकडे स्वतः जाऊन तसे सांगा.